बिलियन म्हणजे किती शून्ये?

समजा, परभणी जिल्ह्यातील पेडगावच्या एखाद्या शिक्षकाने वर्गात दोन जुनी इंग्रजी पुस्तके उघडली. एक १९५० सालचे, लंडनमध्ये छापलेले. दुसरे त्याच काळातले, पण अमेरिकेतले. दोन्हींत ‘बिलियन’ हा शब्द आहे. पहिल्यात त्याचा अर्थ एकावर बारा शून्ये, दुसऱ्यात एकावर नऊ. फरक थोडाथोडका नाही, हजारपटीचा! असे का झाले?

१४८४ साली निकोला शुके या फ्रेंच गणितज्ञाने मोठ्या संख्यांची नावे लिहून ठेवली. त्याचा बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन. ‘बि’ म्हणजे दोन. पुढे फ्रान्समध्येच हजार मिलियनलाही बिलियन म्हणू लागले. अमेरिकेने हा नवा अर्थ उचलला, ब्रिटनने जुनाच ठेवला. अखेर डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी पार्लमेंटमध्ये स्पष्ट केले, की सरकारी आकडेवारीत बिलियन म्हणजे हजार मिलियन.

आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावे आहेत. प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहापट. त्यात अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्ये. म्हणून आजच्या बिलियनला मराठीत अब्ज म्हणावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या आठ बिलियन, म्हणजेच आठ अब्ज किंवा ८०० कोटी झाली. जुन्या ब्रिटिश अर्थाने हीच संख्या आठ लाख कोटी भरेल!

पण आपले शब्दही निर्दोष नाहीत. लीलावतीतला खर्व म्हणजे दहा अब्ज; हिंदीतला खरब मात्र शंभर अब्ज.

हाच घोळ लहान संख्यांतही होतो. पाण्याच्या तपासणीत आर्सेनिकची मर्यादा ‘दहा पार्ट्स पर बिलियन’ अशी दिलेली असते. बिलियनचा अर्थ चुकला तर मर्यादाच हजारपट चुकेल. म्हणून शास्त्रज्ञ शब्दांऐवजी घातांक आणि ठरावीक उपसर्ग वापरतात. १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत गिगा म्हणजे अब्जपट आणि नॅनो म्हणजे अब्जांश असे निश्चित झाले. वरची मर्यादा ‘लिटरमागे १० मायक्रोग्रॅम’ अशी लिहिली, की वाद उरत नाही.

तेव्हा मोठ्या संख्येचा शब्द फळ्यावर लिहाल, तेव्हा विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारा : एकावर शून्ये किती?