कमवा आणि शिका, पण परवान्याने

नात्यातले, निदान गल्लीतले एखादे पोर हल्ली अमेरिकेत शिकायला असतेच. "इंटर्नशिपसाठी सीपीटी मिळाली" हे त्याचे वाक्य आपल्या कानावरून जाते. पण या तीन अक्षरांमागे बराच इतिहास आहे.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पहिल्या महायुद्धाआधी अमेरिकेत शेतकी शिकले, ते पडेल ते काम करून. पुढे १९२४ च्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांचा वेगळा वर्ग केला. १९३२ साली, महामंदीत बेकारी वाढली तेव्हा, त्यांच्या कमाईवर बंदी आली. १९४७ च्या नियमांनी मात्र वाट काढली: शिक्षणसंस्थेने आवश्यक ठरवले किंवा शिफारस केली, तर प्रत्यक्ष कामाचे शिक्षण घेता येईल, सहा-सहा महिन्यांनी, फार तर दीड वर्ष.

सीपीटीचा गाभा आजही तोच. काम अभ्यासक्रमाचा भाग हवे, आधी साधारण एक शैक्षणिक वर्ष पुरे हवे आणि कॉलेजच्या अधिकाऱ्याने आय-२० वर कंपनी व तारखा नोंदवल्याशिवाय एक दिवसही काम करायचे नाही. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली, की त्या पातळीच्या पदवीवरची ओपीटी गेलीच!

कर्मवीर भाऊरावांनी आपल्याकडे 'कमवा आणि शिका' सांगितले, ते गरीब पोराला शाळेचे दार उघडावे म्हणून. अमेरिकेचा नियम काम हेही शिक्षण मानतो, पण दारात पहारेकरी बसवून. १९३२ आठवले, की तो का बसवला ते कळते. म्हणून बाळांनो, आधी कागद, मग काम.