उपासमारीच्या काळात शिकलेला क्रोशा : आयर्लंडच्या जाळीकामाची गोष्ट

१/ क्रोशाची सुई प्रथमच हाती धरणारी व्यक्ती आज बहुधा विरंगुळा शोधत असते. टाके कधी घट्ट पडतात, कधी सैल. उसवून पुन्हा सुरुवात करावी लागते. त्यात वेळ जातो, एवढेच. १८४७ च्या सुमारास आयर्लंडमध्ये हीच सुई हाती घेणाऱ्या मुलींना इतकी सवड नव्हती. त्या घरांत अन्न नव्हते. त्यांच्या शिकण्याचा हा इतिहास.

२/ १८४५ साली आयर्लंडमधील बटाट्यावर करपा रोग पडला. ग्रामीण गरिबांचे मुख्य अन्न बटाटाच असल्याने पुढील काही वर्षांत भूक आणि साथीचे रोग यांनी सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली. तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आली.

३/ सरकारी मदत अपुरी होती. अशा वेळी धर्मभगिनींचे मठ, पाद्र्यांच्या पत्नी आणि काही जमीनदार घराण्यांतील स्त्रिया यांनी घरबसल्या मिळकत देणारे काम शोधले. युरोपात हातविणीच्या लेसला श्रीमंतांकडून मोठी मागणी होती. परंतु सुईने किंवा रिळांनी केली जाणारी पारंपरिक लेस शिकण्यास फार काळ लागे, आणि उपाशी घराला तो काळ परवडणारा नव्हता.

४/ येथे क्रोशा उपयोगी पडला. रिळांच्या लेससाठी उशी, टाचण्या आणि डझनावारी रिळे लागत. क्रोशाला टोकाशी आकडी असलेली एक सुई आणि सुताचा गुंडा पुरे. सरकती गाठ मारायची, तिच्यातून दोरा ओढून घ्यायचा, की साखळीचा पहिला टाका झाला. साखळी, मुका खांब, खांब एवढे हाती बसले की जाळी विणता येते. शिवाय चूक झाली तर दोरा ओढून उसवता येते. महागडे सूत वाया जात नाही.

५/ कॉर्क शहराजवळील ब्लॅकरॉक येथे उर्सुलाइन धर्मभगिनी गरीब मुलींना हे काम शिकवत. मोनॅहन परगण्यातील क्लोनिस गावी १८४७ मध्ये कॅसँड्रा हँड ही नव्या रेक्टरची पत्नी आली. तिने किल्डेअर परगण्यातून एक शिक्षिका बोलावून स्थानिक मुलींना क्रोशा शिकवण्याची व्यवस्था केली. पुढे क्लोनिस हे या लेसचे प्रमुख केंद्र बनले, आणि तेथील छोटी गोलसर गाठ ‘क्लोनिस गाठ’ म्हणून आजही ओळखली जाते.

६/ याच दशकात एलेनॉर रिएगो द ला ब्रँशार्दिएर हिची विणकामाची पुस्तके लंडनमध्ये प्रसिद्ध होऊ लागली. तिची आई आयरिश होती. पण ही पुस्तके वाचू शकणाऱ्या सुखवस्तू स्त्रियांसाठी होती. १८४१ च्या जनगणनेनुसार आयर्लंडमधील पाच वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोक निरक्षर होते. झोपडीतली मुलगी शिकली ती नमुना समोर ठेवून, शेजारणीच्या बोटांकडे पाहून.

७/ आयरिश क्रोशाची रचनाही या शिकण्याला साजेशी होती. संपूर्ण कॉलर एकाच हाताने विणली जात नसे. गुलाब, तिपानी शॅमरॉक, द्राक्षांचे घोस असे तुकडे स्वतंत्रपणे विणले जात. मग ते नमुन्याच्या कापडावर टाचून एखादी तरबेज स्त्री मधली जाळी विणून त्यांना जोडत असे. त्यामुळे नवशिकी मुलगी फक्त गुलाब शिकली तरी कामाला लागू शकत असे.

८/ हीच सोय पुढे अडचणही ठरली. जे काम लवकर शिकता येते, ते करणारे हातही लवकर वाढतात, आणि हात वाढले की मजुरी उतरते. केवळ गुलाब विणणाऱ्या मुलीला संपूर्ण वस्तूचा बाजारभाव ठरवता येत नसे. काही घराण्यांनी आपले खास नमुने शेजाऱ्यांपासून लपवून ठेवल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. ती गुप्तता याच स्पर्धेतून आलेली असावी.

९/ क्रोशाने दुष्काळ थांबवला नाही. तेवढी त्याची व्याप्तीच नव्हती. परंतु ज्या घरी शेतीचे उत्पन्न बुडाले होते, तेथे एखाद्या मुलीच्या हाती आलेली नाणी म्हणजे भाकरी होती, खंडाचा हप्ता होता, क्वचित अमेरिकेच्या जहाजाचे भाडे होते.

१०/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्राने या लेसची हुबेहूब नक्कल होऊ लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी फॅशनच्या जगात आयरिश क्रोशाला पुन्हा बरे दिवस आले. पहिल्या महायुद्धानंतर मात्र पेहराव बदलला आणि मागणी ओसरली.

११/ भारतातही अशी एक कहाणी आहे. गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गरीब स्त्रियांना लेस विणण्यास शिकवले, आणि त्यातून क्रोशाचा मोठा निर्यात-व्यवसाय उभा राहिला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की या स्त्रिया जगाच्या बाजारासाठी दिवसभर राबत, पण त्यांची गणना ‘गृहिणी’ अशीच होई. त्यांचे श्रम फावल्या वेळचे समजले जात आणि मजुरीही त्याच हिशेबाने मिळे.

१२/ संग्रहालयांत आयरिश लेसच्या कॉलरी आजही काचेमागे ठेवलेल्या दिसतात. कॅसँड्रा हँडचे नाव क्लोनिसमधील एका इमारतीला आहे, रिएगोचे नाव तिच्या पुस्तकांवर. गुलाब विणणाऱ्या मुलींची नावे बहुतेक ठिकाणी नाहीत. त्यांचा पुरावा म्हणजे ते टाकेच. कॉलर नीट निरखली तर एखादा गुलाब बाकीच्यांपेक्षा किंचित सैल विणलेला आढळतो. तो कदाचित एखाद्या नवशिकीचा असेल.