बासरची गाडी

१९५६ला आमचं मुधोळ नांदेड जिल्ह्यातून आंध्रात गेलं, पण सोयरीक नांदेडचीच राहिली. अक्काला सासरी धाडायला बासर स्टेशनात जायचो. मीटरगेजची गाडी इतकी हलकेच सुटायची की खिडकी धरून चार पावलं चालता यायचं.

पुण्यात जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय बघितलं, आणि नातवाच्या हट्टापायी घरी मॉडेल गाडी आली. जुनाच रेग्युलेटर. फिरवला तर आधी ढिम्म, मग एकदम उडी! आत नुसती रोधाची तार. सुटताना मोटर जास्त करंट ओढते, व्होल्टेज तारेतच खर्ची पडतं. चाक फिरलं की ओढ कमी, रुळावर व्होल्टेज वाढतं. जावईबापूंनी ट्रान्झिस्टर नि कपॅसिटर बसवला. कपॅसिटर सावकाश भरतो, तसाच वेग चढतो.

अक्का आता नाही. काल गाडी हलकेच सुटली, मी टेबलाच्या कडेनं चालू लागलो. नातू म्हणाला, "आबा, कुठं निघालात?"