महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांची रस्ते देखभाल

रस्ते देखभाल म्हणजे बांधून पूर्ण झालेला रस्ता, त्याचे पदपथ, गटारे, मोऱ्या आणि साइडपट्ट्या वापरण्यायोग्य स्थितीत राखण्यासाठी करावयाची नियमित व नियतकालिक कामे होत. महाराष्ट्रात शहरांतील बहुतांश रस्त्यांची ही जबाबदारी महानगरपालिका, नगरपरिषदा व नगरपंचायती यांच्यावर असून ग्रामीण भागात ती जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती यांच्याकडे आहे. पावसाळ्यात पडणारे खड्डे हा या विषयाचा सर्वांत ठळक भाग असला, तरी खड्डे बुजवणे हा देखभालीचा केवळ अखेरचा उपाय होय. पाण्याचा निचरा, ठरावीक काळाने नवा थर देणे, खोदकामावरील नियंत्रण आणि कंत्राटदाराचे उत्तरदायित्व यांवर रस्त्याचे आयुष्य मुख्यतः अवलंबून असते.

पार्श्वभूमी

मोटार वाहतूक वाढू लागल्यानंतर भारतातील रस्त्यांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. रस्त्यांचा खर्च केवळ स्थानिक संस्थांना झेपणारा नाही, हे या समितीने दाखवून दिले. तिच्या शिफारशींनुसार १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही तांत्रिक संस्था अस्तित्वात आली. रस्त्यांची आखणी, बांधणी व देखभाल यांसाठी या संस्थेने प्रसिद्ध केलेली मानके आजही निविदांमध्ये आधारभूत मानली जातात.

कायदेशीर चौकट

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या कलम ६१ मध्ये आणि राज्यातील इतर महानगरपालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांची बांधणी, देखभाल व सुधारणा यांचा समावेश बंधनकारक कर्तव्यांत केलेला आहे. म्हणजेच हे काम करावे की नाही, हे ठरवण्याची मुभा महापालिकेला नाही. नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५ चा, जिल्हा परिषदांसाठी १९६१ चा आणि ग्रामपंचायतींसाठी १९५८ चा अधिनियम लागू आहे.

१९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्त्यांनी या व्यवस्थेला घटनात्मक आधार दिला. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या, तर बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या विषयांमध्ये रस्ते व पूल यांचा उल्लेख आहे.

जबाबदारीची विभागणी

एकाच शहरातील सर्व रस्ते एकाच संस्थेच्या ताब्यात असतात असे नाही. मुंबईत सुमारे २,००० किलोमीटर लांबीचे रस्ते महापालिकेकडे आहेत. तथापि काही रस्ते व पूल मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, सार्वजनिक बांधकाम विभाग, म्हाडा व बंदर प्राधिकरण यांच्या अखत्यारीत राहिले आहेत. पूर्व व पश्चिम द्रुतगती महामार्गांची देखभाल २०२२ मध्ये प्राधिकरणाकडून महापालिकेकडे हस्तांतरित झाली. रस्ता कोणाचा आहे याविषयीच्या संदिग्धतेमुळे तक्रार एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहते, ही या विभागणीवरील प्रमुख टीका आहे.

ग्रामीण भागात राज्य महामार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर गावातील अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीकडे असतात.

रस्ता खराब होण्याची कारणे

डांबरी रस्त्याचा मुख्य शत्रू पाणी होय. ऊन, वय आणि अवजड वाहतूक यांमुळे डांबर कडक होऊन पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. त्यांतून पाणी आत मुरले की डांबराची खडीवरील पकड सुटते आणि खालचा खडी-मुरुमाचा थर मऊ पडतो. वरून जाणाऱ्या चाकांच्या दाबाने हे पाणी आत-बाहेर ढकलले जाऊन खडी निखळते व खड्डा तयार होतो. याच कारणाने रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे सुमारे दोन टक्के उतार देण्याचा प्रघात आहे. हा उतार नाहीसा झाल्यास, किंवा नवे थर चढवल्याने रस्ता गटाराच्या तोंडापेक्षा वेडावाकडा वर-खाली झाल्यास, पाणी रस्त्यावरच साचते.

शहरांत याखेरीज खोदकाम हे मोठे कारण असते. जलवाहिन्या, मलवाहिन्या, वीजतारा, गॅसवाहिन्या व दूरसंचार केबल यांसाठी चर खणले जातात. चर भरताना माती थराथराने नीट दाबली नाही, तर ती पुढे खचते आणि सांध्यातून पाणी शिरते. खोदणाऱ्या संस्थेकडून रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क आकारले जाते. पावसाळ्यात तातडीच्या कामांव्यतिरिक्त खोदाईस सर्वसाधारणपणे परवानगी दिली जात नाही.

देखभालीचे प्रकार व पद्धती

देखभालीच्या कामांचे साधारणतः तीन प्रकार केले जातात. नियमित देखभालीत गटारे व मोऱ्या साफ करणे, भेगा भरणे, साइडपट्ट्या दुरुस्त करणे आणि खड्डे बुजवणे ही कामे येतात. नियतकालिक देखभालीत काही वर्षांच्या अंतराने संपूर्ण पृष्ठभागावर नवा थर दिला जातो. पूर, भूस्खलन किंवा रस्ता खचणे अशा प्रसंगी तातडीची दुरुस्ती हाती घेतली जाते.

खड्डा शास्त्रीय पद्धतीने बुजवताना त्याच्या कडा चौकोनी आकारात उभ्या कापल्या जातात. आतील सैल खडी, माती व पाणी काढून टाकले जाते. तळाला व बाजूंना पातळ डांबराचा लेप देऊन मिश्रण थरांनी भरले जाते आणि ते आजूबाजूच्या पृष्ठभागाशी समतल होईपर्यंत दाबले जाते. यांतील पायऱ्या गाळून नुसती खडी किंवा भरड टाकल्यास पहिल्याच जोरदार पावसात खड्डा पुन्हा उघडा पडतो.

नेहमीचे गरम डांबरमिश्रण भर पावसात वापरता येत नाही. त्यामुळे पावसाळ्यात कोल्डमिक्स, मॅस्टिक अस्फाल्ट किंवा पेव्हर ब्लॉक यांचा आधार घेतला जातो. मुंबई महापालिका आपल्या वरळी येथील डांबर संयंत्रात कोल्डमिक्स तयार करते. मात्र हे उपाय बहुधा तात्पुरते असतात आणि पावसाळ्यानंतर कायमस्वरूपी दुरुस्तीची गरज उरतेच.

निधी व कंत्राटे

मालमत्ता कर हा नागरी संस्थांच्या स्वतःच्या उत्पन्नाचा महत्त्वाचा स्रोत आहे. मुंबईत मालमत्ता कराच्या देयकात पथकर हा स्वतंत्र घटक असतो. जकात रद्द झाल्यानंतर, मुंबईत १ जुलै २०१७ पासून, महापालिकांचे राज्य शासनाच्या भरपाईवरील अवलंबित्व वाढले. लहान नगरपरिषदा व ग्रामपंचायती प्रामुख्याने शासकीय अनुदाने आणि वित्त आयोगाचा निधी यांवर अवलंबून असतात. नव्या रस्त्याचे भूमिपूजन व लोकार्पण होते, देखभालीचे होत नाही. परिणामी अंदाजपत्रकात देखभालीला दुय्यम स्थान मिळते, असे निरीक्षण वारंवार नोंदवले जाते.

बहुतेक कामे निविदा काढून कंत्राटदारांना दिली जातात. काम पूर्ण झाल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत आढळणारे दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचे असतात. या मुदतीस दोष दायित्व कालावधी म्हणतात. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकलेली आहे. हमीची अट कागदावर असूनही तिची अंमलबजावणी देखरेखीवर अवलंबून असते. २०१६ मध्ये मुंबईतील रस्त्यांच्या कामांच्या चौकशीत गंभीर अनियमितता आढळल्या; त्यानंतर काही अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले व काही कंत्राटदारांना काळ्या यादीत टाकण्यात आले.

पुण्यातील जंगली महाराज रस्ता हे हमीच्या संदर्भात नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. १९७६ च्या सुमारास ‘रेकॉन्डो’ या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधलेला हा डांबरी रस्ता हमी संपल्यानंतरही कित्येक वर्षे सुस्थितीत राहिला. पावसाळी प्रदेशात डांबरी रस्ता टिकूच शकत नाही, या समजाला त्याने छेद दिला.

न्यायालयीन निर्णय

मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खड्ड्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेत जनहित याचिका दाखल करून घेतली. तिच्यावरील एप्रिल २०१८ च्या निकालात सुस्थितीतील रस्ते व पदपथ मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. खड्डे शास्त्रीय पद्धतीने बुजवणे आणि तक्रारींसाठी सुलभ यंत्रणा उभारणे या बाबी महापालिकांसाठी बंधनकारक ठरल्या.

२०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरात खड्ड्यांमुळे १४,९२६ जणांचा मृत्यू झाल्याच्या आकडेवारीवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तीव्र चिंता व्यक्त केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ समाविष्ट झाले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल मानकांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना या कलमाखाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५०,००० ते २.५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. निदर्शनास आलेला खड्डा ४८ तासांत बुजवावा आणि भरपाईची रक्कम दोषी अधिकारी वा कंत्राटदार यांच्याकडून वसूल करावी, असेही निकालात म्हटले आहे.

तक्रार निवारण व नागरिकांचा सहभाग

मुंबईत १९१६ हा दूरध्वनी क्रमांक तसेच भ्रमणध्वनी उपयोजने यांद्वारे तक्रार नोंदवता येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने २४ तासांत खड्डा न बुजवल्यास तक्रारदाराला ५०० रुपये देण्याची अल्पकालीन मोहीम राबवली होती.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यानुसार नागरिकाला कामाची पाहणी करण्याचा, कागदपत्रांच्या प्रती घेण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मिळवण्याचा हक्क आहे. रस्त्याचा कार्यादेश, कंत्राटदाराचे नाव व दोष दायित्वाची मुदत या मार्गाने मागता येते. मुदतीत खराब झालेला रस्ता जनतेच्या पैशांतून पुन्हा दुरुस्त केला जाऊ नये, यासाठी ही माहिती विशेष उपयुक्त ठरते.

काँक्रिटीकरण

खड्ड्यांवरील दीर्घकालीन उपाय म्हणून मुंबई महापालिकेने २०२२-२३ पासून रस्त्यांच्या सिमेंट काँक्रिटीकरणाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या पहिल्या टप्प्यात सुमारे ४०० किलोमीटर रस्त्यांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या निविदा काढण्यात आल्या. मार्च २०२२ मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपल्याने हे निर्णय प्रशासकाच्या काळात झाले. काँक्रीटचा रस्ता डांबरी रस्त्यापेक्षा अधिक काळ टिकतो आणि त्यावर पाण्याचा परिणाम कमी होतो. तथापि त्याचा प्रारंभिक खर्च जास्त असून काँक्रीट पक्के होईपर्यंत वाहतूक बंद ठेवावी लागते. भूमिगत वाहिन्यांसाठी आधीच जागा न ठेवल्यास नवा रस्ता पुन्हा फोडावा लागतो. त्यामुळे काँक्रीटच्या रस्त्यालाही निचरा, खोदकामावरील नियंत्रण आणि नियमित पाहणी यांची आवश्यकता असतेच.

हेही पाहा

इंडियन रोड्स काँग्रेस
मुकुंदराव जयकर
बृहन्मुंबई महानगरपालिका
जंगली महाराज रस्ता
७४वी घटनादुरुस्ती