चुकणारी चेटकीण : इंग्लंडमधील वाचनारंभाच्या पुस्तकांचा एक अध्याय

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये नुकतेच वाचू लागलेल्या मुलाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, याचा निर्णय प्रामुख्याने शब्दांच्या मोजणीवरून होऊ लागला. रोजच्या वाचन-लेखनातील इंग्रजी मजकुराचा एक चतुर्थांश भाग अवघ्या 12 शब्दांनी आणि निम्मा भाग 100 शब्दांनी व्यापलेला असतो, असे विल्यम मरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1962 मध्ये दाखवून दिले आणि त्या आधारावर लेडीबर्ड प्रकाशनाची पीटर व जेन या भावंडांची वाचनमाला 1964 पासून निघू लागली. वाचनमाला म्हणजे ठरावीक शब्द पुनःपुन्हा योजत पायरीपायरीने अवघड होत जाणारा पुस्तकसंच. या पद्धतीने असंख्य मुले वाचती झाली, हे मान्य करायलाच हवे. परंतु घर, कुत्रा, चेंडू आणि दुकान यांच्या त्या नीटनेटक्या जगात पुढचे पान उलटण्याची ओढ लागावी असे फारच थोडे घडत असे.

चेटकीण तेव्हाही सोप्या पुस्तकांत होती. याच प्रकाशनाच्या सुलभ परीकथांमधील 1968 च्या ‘रॅपन्झेल’मध्ये ती मुलीला मनोऱ्यात कोंडून ठेवते, म्हणजे लोककथेतील तिचे भयप्रद रूप तेथे कायम होते. जर्मनीत मात्र ओटफ्रीड प्रॉइसलर यांनी 1957 मध्येच एक निराळी चेटकीण निर्माण केली होती. ती 127 वर्षांची, म्हणजे चेटकिणींच्या हिशेबाने अगदीच कोवळी, आणि म्हणून जादूचे पुस्तक समोर घेऊन अभ्यासाला बसणारी आहे.

इंग्रजीत शिकाऊ वाचकापर्यंत हा बदल पोहोचवला तो हेलन निकॉल आणि यान पिएन्कोव्स्की यांच्या ‘मेग अँड मॉग’ने. 1972 मध्ये निघालेल्या या पुस्तकात मेग ही चेटकीण, मॉग हे तिचे मांजर आणि एक घुबड एवढाच परिवार आहे. चित्रे ठळक काळ्या रेषांची व सपाट, भडक रंगांची असून आवाजाचे शब्द चित्रातच मोठ्या अक्षरांत येतात, त्यामुळे अक्षर आणि घटना एकाच नजरेत सापडतात. मेग काळे मोजे, काळे बूट, काळा झगा आणि काळी टोपी असा एकेक जिन्नस चढवते, तेव्हा ‘काळा’ हा शब्द वाचनमालेइतकाच वारंवार येतो, पण येथे त्या पुनरुक्तीला कथेतच कारण आहे. पुढे ती कढईत अंडी, पाव, कोको, मुरंबा आणि मासा एकत्र शिजवून न्याहारी करते, झाडूवर बसून धुराड्यातून बाहेर पडते आणि हॅलोविनच्या, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या, रात्री इतर चार चेटकिणींना भेटते. तेथे मंत्र फसतो आणि त्या चौघी उंदीर होतात. मंत्र फसणे हाच या मालिकेचा कणा आहे. अक्षरे जुळवताना क्षणोक्षणी अडखळणाऱ्या मुलाला आपल्याहून मोठी, जादू येणारी व्यक्तीही हमखास चुकते हे येथे स्वतः वाचून कळते, आणि या पुस्तकांचे सामर्थ्य शब्दसंख्येपेक्षा याच गोष्टीत अधिक आहे. मराठी वाचकाला येथे रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चिंची चेटकीण आठवेल, तीही भीतीला हसण्यात बदलते, मात्र रंगमंचावरील चिंचीला भेटण्यासाठी मुलाला वाचता यावे लागत नाही.

पिएन्कोव्स्की यांचा जन्म 1936 मध्ये वॉर्साचा. युद्धकाळातील पोलंडमध्ये ऐकलेल्या चेटकिणीच्या गोष्टींनी त्यांना बालपणी दुःस्वप्ने पडत, आणि मेगच्या निर्मितीशी त्या भीतीचा संबंध ते स्वतः जोडत असत. 1946 मध्ये ते इंग्लंडला आले आणि इंग्रजी त्यांनी तेथेच आत्मसात केली. ‘मेग अँड मॉग’मधील रेषेला आणि शब्दाला दिलेले समान वजन या चरित्राकडे पाहिल्यावर अधिक उमजते.

यानंतर चुकणारी चेटकीण रुळली. 1974 मध्ये जिल मर्फी यांनी तिला शाळेतील धांदरट विद्यार्थिनी केले. 1987 मध्ये व्हॅलरी थॉमस आणि कॉर्की पॉल यांची विनी आली. काळ्या घरात काळे मांजर दिसत नाही म्हणून ती मांजराचा रंग बदलते, ते दुःखी झालेले पाहून त्याला पुन्हा काळे करते आणि घरच रंगीत करून टाकते. दरम्यान 1986 मध्ये सुरू झालेल्या ‘ऑक्सफर्ड रीडिंग ट्री’ या शालेय वाचनमालेने पाचव्या पायरीवरील ‘कॅसल अ‍ॅडव्हेंचर’मध्ये चेटकिणींना थेट वर्गात आणले, आणि पीटर व जेन यांच्या जगात जिला जागा नव्हती ती आता पाठाचाच भाग झाली.