फ्रॉस्ट हीव्ह आणि रस्त्याच्या थरांची रचना : एका गैरसमजाचा इतिहास

प्रस्तावना :
थंड प्रदेशांत हिवाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग जागोजागी उचलला जातो, त्यास तडे जातात आणि वसंत ऋतूत वाहनांच्या भाराखाली तो खचतो. जमीन गोठून फुगण्याच्या या क्रियेस अभियंते फ्रॉस्ट हीव्ह म्हणतात. तिच्या कारणाविषयीची समजूत बदलली, तशी रस्त्याच्या थरांची रचनाही बदलली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

कारणाचा शोध :
पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, म्हणून जमीन फुगते, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९२९ व १९३० मधील निबंधांतून ती खोडून काढली. गोठताना आकुंचन पावणारे बेंझीन व नायट्रोबेंझीन हे द्रव वापरले, तरीही त्यांच्या प्रयोगांत माती फुगली. यावरून स्पष्ट झाले की, खालचे पाणी गोठणाऱ्या थराकडे ओढले जाते आणि तेथे भिंगाच्या आकाराचे बर्फाचे थर वाढत जातात. स्वीडनमध्ये गुन्नार बेस्कोव यांनी १९३५ साली रस्ते व लोहमार्ग यांच्या संदर्भात हाच विषय सविस्तर मांडला.

रचनेवरील परिणाम :
प्रश्न पाण्याच्या प्रवासाचा आहे हे कळल्यावर मातीची निवड महत्त्वाची ठरली. वाळू पाणी वर ओढत नाही. चिकणमातीतून ते फार सावकाश सरकते. पोयट्याच्या मातीत मात्र दोन्ही गोष्टी साधतात. आर्थर कासाग्रांदे यांनी याच दशकाच्या प्रारंभी निकष सुचवला : संमिश्र कणांच्या मातीत ०.०२ मिलिमीटरहून बारीक कण ३ टक्क्यांपेक्षा अधिक असल्यास ती धोकादायक समजावी. त्यानुसार पायात स्वच्छ वाळू-खडीचा थर देणे, खोल चर खणून भूजल उतरवणे हे उपाय रूढ झाले. वाहतुकीसाठी बर्फ हटवल्याने रस्त्यावरील नैसर्गिक पांघरूण जाते व गोठण अधिक खोल उतरते; त्यामुळे पुढे पॉलिस्टायरीनचे उष्णतारोधक थरही वापरात आले. वसंतात वरचे बर्फ आधी वितळते, पण खालच्या गोठलेल्या थरामुळे पाण्याचा निचरा होत नाही. इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात झालेल्या आशो रस्ता चाचणीतही वसंतातील ही दुर्बलता ठळकपणे दिसली.

निष्कर्ष :
केवळ वरचा थर भक्कम करून हा प्रश्न सुटत नाही. पाण्याची वाट अडवावी लागते. जमीन केवळ पाण्याच्या प्रसरणामुळे फुगते, हे सोपे उत्तर आजही वर्गात सहज दिले जाते. अपुरे कारण शिकवले, तर उपायही अपुराच राहतो, हे अध्यापकांनी या इतिहासातून ध्यानी घ्यावे.