एकतर्फी पाहुणचार

नाशिकरोडहून मुंबईला जाताना ठाणे मागे पडले की थोड्या वेळाने विक्रोळी लागते. आपल्या गाड्या तेथे थांबत नाहीत. मला मात्र ते स्टेशन दिसले की लिलियन कार्टर ह्या बाईंची आठवण होते.

सरकारने पैसा घालून माणसांची देवाणघेवाण करावी, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. परदेशांत उरलेले लष्करी सामान विकून आलेल्या पैशांतून विद्यार्थी-प्राध्यापकांची ये-जा व्हावी, असा कायदा सिनेटर फुलब्राइट यांनी १९४६ साली अमेरिकेत करवून घेतला. भारताने तसा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी केला. ही विद्वानांची सोय झाली. साध्या नागरिकांसाठी केनेडींनी १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ काढले. (विनोबाजींची शांतिसेना ती निराळी.) त्याचे संचालक श्रायव्हर पंडित नेहरूंना भेटले, तेव्हा पंडितजींनी होकार दिला, पण तुमची तरुण मंडळी येथे पुष्कळ शिकून जातील, पंजाब मात्र बहुधा होता तसाच राहील, असेही हसतखेळत सुचविले! पहिली तुकडी पंजाबातच गेली. १९७६ पर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवक भारतात येऊन गेले.

त्यांत ह्या लिलियनबाई. जॉर्जियातील प्लेन्स गावच्या, व्यवसायाने परिचारिका, पती निवर्तलेले, मुले आपापल्या संसारात. वयाची अट नाही, अशी जाहिरात दूरचित्रवाणीवर पाहून त्यांनी अर्ज केला. अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ साली, त्या विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत येऊन राहिल्या. निघण्यापूर्वी मराठीचे धडे घेतले होते. आरंभी कुटुंबनियोजनाचे काम मिळाले, पुढे दवाखान्यात रुग्णसेवा. ज्या वयात आपल्याकडे बाईच्या हाती जपमाळ देऊन तिला कोपऱ्यात बसवितात, त्या वयात परक्या मुलखातील दवाखान्यात दोन वर्षे काढणे ही काही लहान गोष्ट नव्हे. घरी लिहिलेली त्यांची पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली.

तरीही माझ्या मनात एक खंत आहे. हिला देवाणघेवाण म्हणावे कसे? विक्रोळीच्या एखाद्या परिचारिकेने दोन वर्षे प्लेन्सला जाऊन सेवा करावी, अशी सोय मूळ योजनेत नव्हती. परदेशी स्वयंसेवकांना अमेरिकेत बोलावण्याचा प्रयोग १९६७ साली झाला खरा, पण तो थोड्याच वर्षांत गुंडाळला गेला. शिकवायला जाणे सोपे. आपल्या घरी येऊन दुसऱ्याने आपल्याला शिकवावे, हे अवघड वाटत असावे. १९७१ च्या युद्धानंतर दोन्ही सरकारांत बिनसले, स्वयंसेवक घटत गेले आणि १९७६ मध्ये भारतातील काम थांबले. फुलब्राइट योजना मात्र टिकली. २००८ च्या करारानुसार भारत तिचा निम्मा खर्च उचलू लागला आणि तिच्या नावात नेहरूंचेही नाव आले.

फेब्रुवारी १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीसाठी अमेरिकेच्या वतीने लिलियनबाई आल्या. चिरंजीव जिमी तेव्हा राष्ट्राध्यक्ष झाले होते. दिल्लीचे काम उरकून बाई विक्रोळीला जाऊन आल्या.